हात शिरेल एवढी जागा : छोट्या कॅबिनेटचा चाळीस वर्षांचा इतिहास

मदरबोर्डचे स्क्रू आवळून झालेले असतात, कूलर बसलेला असतो, ग्राफिक्स कार्डही जागेवर असते. आता एकच जोडणी उरलेली असते : प्रोसेसरला वीज पुरवणारा आठ पिनांचा कनेक्टर. त्याची जागा मदरबोर्डच्या वरच्या कोपऱ्यात असते आणि तो कोपरा एव्हाना एसएमपीएस व कूलर यांच्या बेचक्यात सापडलेला असतो. दोन बोटे आत जातात, तिसरे जात नाही. मग सारे पुन्हा उकलावे लागते.

लहान कॅबिनेटमध्ये संगणक जुळवणाऱ्या बहुतेकांच्या वाट्याला हा प्रसंग येतो, आणि दोष सहसा स्वतःच्या हातांना दिला जातो. वास्तविक त्या कोपऱ्याला इतिहास आहे. कॅबिनेट लहान करणे अभियंत्यांना लवकर साधले. त्यात माणसाच्या हातासाठी जागा राखणे साधायला मात्र फार काळ जावा लागला. त्याविषयी हा धागा.

१२ ऑगस्ट १९८१ रोजी आयबीएमने आपला पर्सनल कॉम्प्युटर जाहीर केला. त्यात जादा कार्डे बसवण्यासाठी पाच खाचा होत्या आणि दोन खाचांमधील अंतर एक इंच होते. १९८३ च्या एक्सटी प्रतिमानात खाचा आठ झाल्या. त्यांना जागा व्हावी म्हणून हे अंतर ०.८ इंचांवर, म्हणजे २०.३२ मिमीवर आणले गेले. आजच्या ग्राफिक्स कार्डाच्या खोक्यावर ‘दोन स्लॉट’ किंवा ‘तीन स्लॉट’ असे लिहिलेले असते, तेव्हा मोजमाप याच १९८३ च्या अंतराने केलेले असते. प्रोसेसर बदलले, कार्डांच्या खाचांचे प्रकार बदलले, अंतर तेवढे राहिले.

ही मापे टिकली, कारण ती एकट्या आयबीएमची राहिली नाहीत. कंपनीने संगणकाची तांत्रिक पुस्तिका विद्युत-आराखड्यांसह विक्रीस ठेवली होती. इतर उत्पादकांनी त्याच मापांचे बोर्ड आणि त्याच मापांच्या पेट्या काढल्या. कोणाचाही बोर्ड कोणाच्याही कॅबिनेटमध्ये बसू शकतो ही सोय अशी जन्माला आली. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरचा ‘असेंबल्ड’ संगणकांचा धंदा उभा राहिला तो याच सोयीवर.

तथापि त्या काळची जुळणी सोपी मुळीच नव्हती. एसएमपीएसमधून मदरबोर्डला वीज देणारे दोन सारखेच दिसणारे सहा-सहा पिनांचे कनेक्टर असत, पी-८ आणि पी-९. त्यांची अदलाबदल झाली तर बोर्ड जळण्याचा धोका असे. दोन्हींच्या काळ्या तारा मधोमध शेजारी आल्या पाहिजेत, हा नियम कारागीर शिकाऊ पोरांकडून पाठ करून घेत.

१९९५ मध्ये इंटेलने एटीएक्स हा नवा आराखडा मांडला. बोर्डाचे पूर्ण माप ठरले ३०५ × २४४ मिमी. त्या दोन धोकादायक कनेक्टरांच्या जागी वीस पिनांचा एकच कनेक्टर आला, आणि तो उलटा बसतच नसे. कीबोर्ड, माऊस, प्रिंटर यांची तोंडे मागच्या बाजूस बोर्डावरच एकत्र आली, त्यामुळे आतल्या सुट्या वायरी कमी झाल्या. जुळणी करणाऱ्याचा विचार करून आखलेला हा पहिला मोठा बदल म्हणावा लागेल. पुढे १९९७ मध्ये २४४ मिमी चौरस मायक्रो-एटीएक्स आणि १९९९ मध्ये त्याहून लहान फ्लेक्स-एटीएक्स आले. बोर्ड आक्रसले, कॅबिनेट मात्र बराच काळ धारदार कडांचे पत्र्याचे उभे खोकेच राहिले.

सुरुवातीचा तो अडचणीचा कोपरा याच सुमारास तयार झाला. पेंटियम ४ च्या पिढीला वीज अधिक लागू लागली, म्हणून २००० मध्ये प्रोसेसरसाठी १२ व्होल्टचा वेगळा चार पिनांचा कनेक्टर आला. पुढे त्याच्याच आठ पिना झाल्या. तो प्रोसेसरच्या जवळ, बोर्डाच्या वरच्या कडेला ठेवला गेला. तेव्हाच्या उंच कॅबिनेटमध्ये एसएमपीएस वरच असे, त्यामुळे ही जागा अगदी योग्य होती. छोट्या कॅबिनेटमध्ये तीच जागा सर्वांत दुर्गम ठरली.

जुलै २००० मध्ये ॲपलने पॉवर मॅक जी-४ क्यूब आणला. पारदर्शक ॲक्रिलिकच्या आवरणात जेमतेम आठ इंचांचा घन, पंखा नाही, एसएमपीएस बाहेर. संग्रहालयात जागा मिळवणारे त्याचे रूप सर्वांना आठवते. त्याची खरी हुशारी मात्र तळाशी होती. क्यूब उलटा करून तिथले हँडल दाबले की ते वर येई, आणि ते धरून उचलले की आतला सारा गाभा विहिरीतून बादली काढावी तसा बाहेर येई. छोट्या पेटीत हात घालण्यापेक्षा पेटीच गाभ्यावरून काढावी, हा विचार इतक्या स्वच्छपणे त्याआधी क्वचितच कोणी मांडला असेल. किंमत १,७९९ डॉलरपासून सुरू होत होती आणि ग्राहक फिरकले नाहीत. वर्षभरातच, जुलै २००१ मध्ये उत्पादन थांबले.

त्याच वर्षी तैवानमध्ये दोन वेगळ्या वाटा फुटल्या. शटल या कंपनीने एसव्ही-२४ हा बुटाच्या खोक्याएवढा संगणक काढला. कॅबिनेट, बोर्ड आणि एसएमपीएस एकत्र मिळत. प्रोसेसर, मेमरी, डिस्क ग्राहकाने घालायची. जुळणी सोपी होती, पण बोर्ड कंपनीच्याच मापाचा होता. तो कालबाह्य झाला की कॅबिनेटचाही उपयोग संपे. दुसरी वाट व्हिया कंपनीची. तिने १७० मिमी चौरस मिनी-आयटीएक्स बोर्ड मांडला आणि त्याची चार स्क्रूंची छिद्रे एटीएक्सच्या छिद्रांशी जुळती ठेवली. व्हियाचे स्वतःचे प्रोसेसर मंद होते आणि पुढे ते बाजारातून जवळजवळ दिसेनासे झाले. ती चार छिद्रे मात्र उरली. आजचे बहुतेक छोटे कॅबिनेट त्यांच्याभोवती बांधलेले आहे. इतिहासात पराभूतांची अशी स्मारके पुष्कळ सापडतात, फक्त ती सहसा दगडाची असतात.

२०१० नंतर चित्र पालटले. मिनी-आयटीएक्स बोर्डांवर पूर्ण शक्तीचे प्रोसेसर बसू लागले. एम.२ डिस्क थेट बोर्डावर आडवी बसत असल्याने डिस्कचा पिंजरा आणि त्याच्या दोन-दोन वायरी गेल्या. १२५ × १०० × ६३.५ मिमी मापाचे एसएफएक्स एसएमपीएस पुरेशी वीज देऊ लागले. एवढे झाल्यावर मोठ्या कंपन्या नव्हे, हौशी लोक पुढे सरसावले. २०१३ च्या सुमारास लोकवर्गणीतून एनकेस एम-१ आले : १२.६ लिटर, ॲल्युमिनियमचे, बाजूचे पत्रे ओढून काढता येतील असे. २०१६ मध्ये जर्मनीतील डॅन ए-४ ने ७.२ लिटर गाठले. त्यात बोर्ड एका बाजूस, ग्राफिक्स कार्ड पाठीला पाठ लावून दुसऱ्या बाजूस आणि दोघांना जोडणारी रायझर केबल, अशी सँडविच रचना होती. कूलरला जेमतेम ४८ मिमी उंची मिळे.

येथून लिटरांची चढाओढ सुरू झाली. लिटर हे माप मोहक आहे, पण ते बाहेरचे माप आहे. त्यात काही उत्पादक पाय धरतात, काही धरत नाहीत, आणि आत बोट शिरेल का हे तर त्यातून अजिबात कळत नाही.

‘सोपी जुळणी’ हेच विक्रीचे वचन झाले की काय होऊ शकते, हे २०२० च्या एनझेडएक्सटी एच-१ ने दाखवले. एसएमपीएस, पाण्याचा कूलर, रायझर, सारे आधीच बसवलेले, वायरीही ओढलेल्या. नवख्याला याहून सोपे काही मिळणे कठीण होते. परंतु रायझरचे कार्ड सांगाड्याला धरणारे धातूचे स्क्रू १२ व्होल्टच्या पट्टीशी जोडले जाऊन शॉर्ट होऊ शकत होते, आणि आग लागू शकत होती. कंपनीने प्रथम नायलॉनचे स्क्रू पाठवले. तेवढ्याने मूळ दोष जात नव्हता. फेब्रुवारी २०२१ मध्ये अमेरिकेच्या ग्राहक उत्पादन सुरक्षा आयोगामार्फत ही कॅबिनेटे परत मागवली गेली. जुळणाऱ्याचे हात ज्या भागापर्यंत पोहोचायची गरजच ठेवली नव्हती, नेमका तोच भाग सदोष निघाला होता.

त्याच २०२० मध्ये कूलर मास्टरचे एनआर-२०० बाजारात आले. आकारमान १८.२५ लिटर. छोट्या कॅबिनेटच्या शौकिनांना हा आकडा ऐकून नाक मुरडावेसे वाटले असेल, पण त्या जादा लिटरांचा हिशेब चोख होता. बाजूंचे पत्रे आणि वरचे झाकण हाताने निघते, उरतो उघडा सांगाडा, आणि एसएमपीएसभोवती वायर वळवायला जागा सापडते. क्यूबची जुनी कल्पनाच साध्या पोलादी पत्र्यात, कमी पैशांत परतली होती. २०२३ च्या फ्रॅक्टल टेराने १०.४ लिटरमध्ये बाजूचे पत्रे दारासारखे उघडते केले आणि मधली भिंत सरकती ठेवली. कूलरला उंची हवी की ग्राफिक्स कार्डाला जाडी, हे जुळणाऱ्याने ठरवायचे.

म्हणून आज छोटे कॅबिनेट निवडताना लिटरांआधी तीन गोष्टी पाहाव्यात : किती बाजू पूर्ण उघडतात, एसएमपीएस जागेवर असताना मदरबोर्ड निघू शकतो का, आणि ग्राफिक्स कार्डाची प्रत्यक्ष जाडी मिलिमीटरमध्ये किती आहे. ‘दोन स्लॉट’ हा शब्द पुरेसा नाही, कारण कूलरचे आवरण त्या १९८३ च्या अंतराबाहेर खुशाल डोकावते.

आणि तो आठ पिनांचा कनेक्टर? अनुभवी जुळणारे तो बोर्ड आत ठेवता ठेवताच लावतात, एकही स्क्रू आवळण्यापूर्वी.