पासोडी आणि जाते

या स्मरणिकेसाठी मी एक नवे गाणे करून द्यावे असे बैठकीत ठरले होते. डोहाळेजेवणाला, बारशाला मी ओव्या म्हणते, तेव्हा गाणे करणे मला सोपेच जाणार असा सर्वांचा समज. पंधरा दिवस मी वही पुढे घेऊन बसले, पण एक ओळ उमटली नाही. एकजण म्हणाली, "त्यात काय एवढं? दुपारच्याला बसायचं अन् टाकायचं लिहून." दुसरी म्हणाली, "आता हिला आर्जवं लागतात." राग आला खरा, पण त्या रागातच मनात आले की, आपल्या भागात ज्यांनी पूर्वी रचले, त्यांनी ते कसे रचले असेल? म्हणून गाण्याऐवजी हा लेख. शिक्षण सातवीपर्यंतचेच आहे, चूकभूल सांभाळून घ्यावी.

आपल्याच बीड जिल्ह्यात अंबाजोगाईला दासोपंत होऊन गेले (१५५१–१६१५). त्यांनी पंचीकरणावरचा ग्रंथ कागदावर न लिहिता कापडावर लिहिला. सुमारे ४० फूट लांब आणि ४ फूट रुंद असे ते कापड, तीच प्रसिद्ध पासोडी. त्यांच्या गीतार्णवाच्या ओव्या सव्वा लाख होत्या असे परंपरा सांगते. त्यांना रोज एका ढब्बू पैशाची शाई लागे, अशीही आख्यायिका आहे. मला ही शाईची गोष्ट फार आवडते. आज काय सुचले हे कोणी मोजले नाही, शाई किती संपली ते मोजले! पण ती शाई आणावी कोणी, दिवा तेलाने भरावा कोणी, जेवायला हाक कोणी मारावी, हे आख्यायिका सांगत नाही. आम्हा बायकांचे लक्ष आधी तिकडेच जाते.

त्याच काळात घरोघर पहाटे जातीही फिरत होती. तिथे गाण्याची अपेक्षा कोणाचीच नव्हती. अपेक्षा होती ती पिठाची. उजाडायच्या आत ज्वारी दळून झाली पाहिजे, मग गा नाहीतर रडा. माझ्या सासूबाई, आम्ही त्यांना आत्याबाई म्हणत असू, नारायणगडाच्या पायथ्याला असेच दळीत आल्या. नगद नारायण महाराजांच्या या गडाला लोक धाकटी पंढरी म्हणतात. आषाढी एकादशीला दिंड्या येतात, कीर्तने होतात. कीर्तनकाराचे नाव फळ्यावर लिहितात, वेळही लिहितात. ओवी रचणारीचे नाव कोणी कुठे लिहिल्याचे मी पाहिले नाही.

मी एकदा हौसेने मुलाचा मोबाईल त्यांच्यापुढे धरला आणि म्हटले, "आत्याबाई, म्हणा." त्या गप्प. पुन्हा म्हटले, तर म्हणाल्या, "अगं, रिकाम्या हातानं कशी येईल ओवी?" मग जाते पुसून घेतले, मूठभर ज्वारी वैरली आणि मी समोर बसून खुंट्याला हात लावला. त्यांनी पहिली ओळ म्हटली, मी ती उचलली, पुन्हा त्यांनी तीच म्हटली. तेव्हा मला कळले की ही नुसती आळवणी नाही. पाळू दोन-तीनदा फिरते तेवढ्यात दुसरी ओळ जुळवायची असते, आणि समोरची पहिली ओळ धरून ठेवते म्हणून ती जुळते. माझ्या वहीपुढे समोर कोणी नव्हते.

अशा ओव्या पुण्याच्या हेमा राईरकर आणि गी पॉइटवँ यांनी गावोगाव फिरून गोळा केल्या. त्या एक लाखाहून अधिक आहेत. आपल्या माजलगावातही १९९६ साली त्यांनी ओव्या ध्वनिमुद्रित केल्या. त्यांनी ज्या बाईची ओवी, त्या बाईचे नाव लिहून ठेवले, ही गोष्ट मला संख्येपेक्षा मोठी वाटते.

खानदेशच्या बहिणाबाई चौधरींना (१८८०–१९५१) लिहिता-वाचता येत नव्हते. मुलगा सोपानदेव कवी होता. त्यांनी आणि घरातल्या दुसऱ्या एका नातलगाने ती गाणी टिपून ठेवली. बहिणाबाई गेल्यावर आचार्य अत्र्यांनी ती पाहिली आणि १९५२ साली पुस्तक निघाले. आयुष्यभर गाणी चालूच होती. जगाची अपेक्षा सुरू झाली ती त्या गेल्यावर.

आमच्या घरात मात्र टिपणारे कोणी निघाले नाही. मला सातवीपर्यंत लिहिता येत होते, वहीही होती. पण एक संपूर्ण, छापण्याजोगे गाणे मिळेल तेव्हा लिहू, अशी माझीच अपेक्षा आड आली. मोबाईलवरचे ते ध्वनिमुद्रण पुढे पुसले गेले. आत्याबाई गेल्या. मला त्यांच्या अकरा ओव्या पुऱ्या आठवतात, आणि पुष्कळशा निम्म्या, म्हणजे पहिली ओळच. त्यांत गडाच्या पायऱ्यांवरची एक आहे, तिची दुसरी ओळ काही केल्या येत नाही.

जाते मागच्या पडवीत आहे. एकादशी झाली की ते धुऊन ठेवते. आत्याबाईंबरोबर ज्या दळायला बसल्या होत्या, त्यांतल्या दोघीतिघी आपल्या मंडळातच आहेत. त्यांनी पहाटे यावे. वही मी घेऊन बसते, ज्वारीही माझीच, पण खुंट्याला दोघी लागतात.