काचेच्या पेटीबाहेरची आई

‘बाळाला पेटीत ठेवलंय’ हे वाक्य आपण सर्वांनीच कधी ना कधी ऐकलेले असते. दिवस पुरे भरण्याआधी, म्हणजे सदतीस आठवड्यांच्या आत जन्मलेल्या बाळासाठी ही पेटी असते. तिचा इतिहास यंत्राचा इतिहास म्हणून सांगितला जातो. पण पेटीबाहेर उभ्या असलेल्या आईचे काय झाले, हाही त्या इतिहासाचाच भाग आहे, आणि आम्हाला तो अधिक महत्त्वाचा वाटतो.

सुरुवात पॅरिसमधली. स्तेफान तार्निए या प्रसूतितज्ज्ञाने तिथल्या प्राणिसंग्रहालयात कोंबडीची अंडी उबवण्याचे यंत्र पाहिले आणि तसेच एक यंत्र बाळांसाठी करवून घेतले. 1881 च्या सुमारास ते पॅरिसच्या प्रसूतिगृहात बसवले गेले. गरम पाण्याच्या उबेवर चालणाऱ्या त्या पेटीत एका वेळी अनेक बाळे मावत. नुसत्या उबेने एवढा फरक का पडावा? वर्गात हे घनाच्या उदाहरणाने सांगता येईल. एक सेंमी बाजूच्या घनाचे पृष्ठफळ 6 आणि घनफळ 1. दोन सेंमी बाजूच्या घनाचे पृष्ठफळ 24, पण घनफळ 8. वस्तू जितकी लहान, तितके तिच्या आकाराच्या मानाने पृष्ठफळ जास्त, आणि उष्णताही तितकीच झपाट्याने जाते. त्यात या बाळांची कातडी पातळ आणि त्वचेखाली चरबी जवळजवळ नाहीच.

तार्निएचा शिष्य प्येर ब्युदँ याच्या मात्र एक वेगळीच गोष्ट लक्षात आली. बाळ वाचत होते, पण काही आया त्याला सोडून जात होत्या. ज्या बाळाचे काहीच करावे लागले नाही, त्याच्याबद्दलची ओढच आटते, असे त्याने 1900 साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या व्याख्यानांत नोंदवले. म्हणून आयांनी येऊन बाळाला पाहावे, स्वतःचे दूध पाजावे, असा त्याचा आग्रह होता.

हा आग्रह पुढे मागे पडला. न्यूयॉर्कजवळ कोनी आयलंडच्या जत्रेत मार्टिन कूनी याने 1903 ते 1943 अशी चाळीस वर्षे पेट्यांतली बाळे तिकीट लावून लोकांना दाखवली. ऐकताना अंगावर काटा येतो. पण पालकांकडून तो एक पैसाही घेत नसे, हेही सांगायला हवे. रुग्णालयांनी यंत्र स्वीकारले आणि जंतुसंसर्गाच्या भीतीने दार लावून घेतले. आईने काचेतून पाहायचे आणि बाळाचे वजन वाढल्यावर एक दिवस त्याला घरी न्यायचे, असे कित्येक दशके चालले. या भीतीची परीक्षा झाली ती अमेरिकेतल्या स्टॅनफर्डमध्ये. आयांना आत येऊन बाळाला हात लावू दिला, तरी संसर्ग वाढला नाही. हे निष्कर्ष 1970 साली प्रसिद्ध झाले. इतकी वर्षे दार बंद राहिले ते न तपासलेल्या समजुतीवर!

पुढचे पाऊल श्रीमंत देशात पडले नाही. कोलंबियाची राजधानी बोगोता इथल्या माता-बाल रुग्णालयात पेट्या कमी आणि बाळे फार होती. एकाच पेटीत दोन-तीन बाळे ठेवावी लागत, त्यांना संसर्ग होई. काही बाळांना तिथेच सोडून दिले जाई. 1978 साली एडगर रे सानाब्रिया यांनी, आणि पुढे एक्तोर मार्तीनेस यांनी, बाळ आईच्या छातीवर, कातडीला कातडी लागेल असे उभे बांधायला सुरुवात केली. कांगारूच्या पिशवीवरून या पद्धतीला नाव मिळाले. ऊब आईची, दूध आईचे, आणि बाळ स्थिर झाले की लवकर घरी. मात्र तपासणीसाठी नियमित यायचे. आईला विश्रांती हवी तेव्हा वडील किंवा आजीही बाळ धरू शकतात.

पेट्यांच्या तुटवड्यातून निघालेला हा उपाय म्हणजे ‘गरिबांचा इलाज’, अशी टीका झाली. ती पुरती खोडून निघायला चार दशके लागली. भारत, घाना, मालावी, नायजेरिया व टांझानिया इथल्या पाच रुग्णालयांत जागतिक आरोग्य संघटनेने 3,211 बाळांची पाहणी केली. दिल्लीचे सफदरजंग रुग्णालय त्यांत होते. बाळ स्थिर होण्याची वाट न पाहता, जन्मानंतर लगेच त्याला छातीशी घेतले तर काय होते, हा प्रश्न होता. नेहमीच्या पद्धतीत पहिल्या 28 दिवसांत 15.7 टक्के बाळे दगावली, छातीशी घेतलेल्यांत 12 टक्के. हे निष्कर्ष 2021 साली आले. त्यासाठी आईची खाट अतिदक्षता विभागाच्या आत न्यावी लागली, आणि बाळंतिणीची तपासणी, जेवण, झोप हे सारे तिथेच करावे लागले.

2022 च्या शिफारशींत जागतिक आरोग्य संघटनेने कुटुंबाला समुपदेशन, घरी जाण्याची पूर्वतयारी आणि आईवडिलांना रजा यांचाही समावेश केला. रजेचा मुद्दा आपल्या शिक्षकवर्गाने नीट वाचावा. बाळ दोन महिने आधी आले, तर आईची ठरलेली रजा रुग्णालयातच खर्ची पडू लागते. बाळ घरी येते तेव्हा सहकारी शिक्षिकेचे तास कोण घेणार, डबा कोण पोचवणार, मोठ्या मुलाला शाळेतून कोण आणणार, हे शिक्षकांच्या खोलीत बसूनही ठरवता येते. त्यासाठी कोणत्याही शिफारशीची वाट पाहावी लागत नाही.