हेडफोनमुळे कान का दुखतो? कारणे, घरगुती काळजी आणि डॉक्टरांकडे कधी जावे

शाळेचे ऑनलाइन क्लास, मोबाईलवरचे बयान, तिलावत, क्रिकेट, गेम. सकाळपासून रात्रीपर्यंत घरातल्या कोणाच्या ना कोणाच्या कानात ईअरफोन असतोच. मग एखाद्या दिवशी मूल म्हणते, "अम्मी, कान दुखतोय." लगेच कोणीतरी कोमट तेलाची वाटी घेऊन येते. थांबा. तेल टाकण्याआधी एकच प्रश्न विचारा : दुखतंय नेमकं कुठं? कारण जागेप्रमाणे कारण वेगळे असते आणि उपायही.

कानाच्या पाळीवर दुखत असेल तर

कानाच्या वरच्या भागात मऊ हाड, म्हणजे कूर्चा असते आणि तिच्यावर फक्त पातळ कातडी. डोक्यावरून घालायचा हेडफोन घट्ट असला की ही कूर्चा डोक्याच्या हाडाशी दाबली जाते. चष्मा असेल तर त्याची काडी मध्ये रुतते. स्कार्फ घट्ट बांधून त्याच्या आत हेडफोन अडकवला, तर दाब आणखी वाढतो. स्कार्फची पिन कानाजवळ असेल तर तीही टोचते.

यावर उपाय सोपा आहे. हेडफोनची पट्टी सैल करा, स्कार्फ कानाजवळ थोडा ढिला ठेवा आणि दर अर्ध्या तासाने हेडफोन काढून कानाला मोकळीक द्या. नवीन घ्यायचा असेल तर संपूर्ण कान आत मावेल अशा मोठ्या, मऊ गादीचा घ्या.

कानाच्या आत, नळीत दुखत असेल तर

मोठ्या माणसाची कानाची नळी साधारण अडीच सेंटीमीटर लांब असते आणि तिची कातडी फार नाजूक असते. ईअरबडची रबरी टोपी मोठी असली की ती नळीला आतून ताणते. बऱ्याच ईअरबडच्या डब्यात लहान, मध्यम, मोठ्या अशा टोप्या मिळतात; त्या बदलून पाहा. दोन्ही कानांना एकच माप बसेल असेही नाही. टोपीमुळे खाज आणि लाली येत असेल, तर त्या रबराची अ‍ॅलर्जी असू शकते.

दुसरे कारण मळ. कानातला मळ म्हणजे घाण नव्हे. तो कातडीचे रक्षण करतो आणि सहसा आपोआप बाहेर येतो. रोज तासन् तास ईअरबड घातले तर तोच मळ आत ढकलला जातो, कान गच्च होतो.

तिसरे कारण ओल. आंघोळ किंवा वुजू झाल्यावर कान ओला असतानाच ईअरबड घातला की ओलावा आत कोंडतो आणि जंतूंना आयती जागा मिळते. कानाची पाळी ओढल्यावर किंवा कानासमोरचा छोटा उंचवटा दाबल्यावर कळ आली, तर नळीला संसर्ग झाल्याची शक्यता मोठी. अशा वेळी ईअरबड बंद ठेवा आणि डॉक्टरांना दाखवा. एरवीही कान बाहेरून रुमालाने कोरडा करून मगच ईअरबड घालावेत. रबरी टोप्या काढून साबणाच्या पाण्याने धुवाव्यात, पूर्ण वाळवाव्यात. भावंडांनी एकमेकांचे ईअरबड वापरू नयेत.

कानापुढे, जबड्यापाशी दुखत असेल तर

जबड्याचा सांधा अगदी कानाच्या पुढेच आहे. चावताना किंवा जांभई देताना दुखत असेल, तर मूळ जबड्यात किंवा दाढेत असू शकते. दाढेची आणि घशाची कळही कानात जाणवते. म्हणून सगळा दोष हेडफोनवर टाकू नये.

न दुखणारा धोका

वर सांगितलेले दुखणे बहुतेक वेळा वेळीच काळजी घेतली की बरे होते. खरी भीती वेगळी आहे. मोठ्या आवाजाने ऐकू येणे कमी होते, तेव्हा सहसा काहीच दुखत नाही. कानाच्या आत, शंखासारख्या भागात सुमारे १५ हजार सूक्ष्म केसपेशी असतात. आवाज मेंदूपर्यंत पोचतो तो त्यांच्यामुळे. त्या एकदा मेल्या की पुन्हा उगवत नाहीत.

जागतिक आरोग्य संघटनेच्या हिशेबाने मोठ्या माणसाने ८० डेसिबलचा आवाज आठवड्यात ४० तासांपर्यंत ऐकणे ठीक आहे; ९० डेसिबल असेल तर फक्त ४ तास. दर ३ डेसिबल वाढले की सुरक्षित वेळ निम्मी होते. मुलांसाठी मर्यादा आणखी कमी, ४० तासांना ७५ डेसिबल. घरात डेसिबल कोण मोजणार? म्हणून साधा नियम : फोनचा आवाज ६० टक्क्यांच्या खाली ठेवा. बऱ्याच फोनमध्ये आवाजाला मर्यादा घालायची सोय असते, ती मुलांच्या फोनवर चालू करा. बस-लोकलच्या गोंगाटात आवाज वाढवत नेऊ नका.

हेडफोन काढल्यावर कानात शिट्टी वाजणे, मूल पुन्हा पुन्हा "काय?" विचारणे, टीव्हीचा आवाज वाढवणे या खुणा हलक्यात घेऊ नका. वर्गात मागच्या बाकावर बसून लक्ष न देणारे मूल कधी कधी बेशिस्त नसते, त्याला नीट ऐकूच येत नसते.

हे करू नका

कानात तेल, लसणाचा रस, काडी, हेअरपिन, कापसाची काडी घालू नका. रस्त्यावर कान साफ करणाऱ्याकडे जाऊ नका. कानाच्या पडद्याला छिद्र असेल तर तेल सरळ आत जाते.

डॉक्टरांकडे कधी?

दुखणे दोन-तीन दिवसांत कमी झाले नाही, कानातून पू किंवा रक्त आले, ताप आला, कानामागे सूज आली, चक्कर आली, तर कान-नाक-घसा तज्ज्ञांना दाखवा. घरात कोणाला डायबेटिस असेल तर कानदुखीत मुळीच वाट पाहू नका. आणि एका कानाने अचानक ऐकू येईनासे झाले तर त्याच दिवशी डॉक्टर गाठा. इथे उशीर झाला की उपचाराचा फायदा कमी होतो.

मुलाने कान दुखतो म्हटले तर हेडफोन काढा आणि जागा विचारा. दुखत नाही म्हणाले, तरी त्याच्या फोनचा आवाज कितीवर आहे ते अधूनमधून पाहत जा.