चोर, मोची आणि २८ वर्षं

लंडनला आलो तेव्हा आमचं ऑफिस टॉटनहॅम कोर्ट रोडपाशी होतं. ऊन पडलं (म्हणजे वर्षातून जेमतेम वीसेक वेळा!) की डबा घेऊन मी सोहो स्क्वेअरच्या हिरवळीवर जाऊन बसायचो. तिथल्या १३ नंबरच्या इमारतीत एके काळी रिचर्ड विल्यम्सचा अ‍ॅनिमेशन स्टुडिओ होता, हे मला फार उशिरा कळलं. 'हू फ्रेम्ड रॉजर रॅबिट' तुमच्यापैकी बऱ्याच जणांनी पाहिला असेल. त्यातला ससा या माणसाच्या देखरेखीखाली हलता-बोलता झाला. पण मला सांगायचंय ते त्याच्या पूर्ण न झालेल्या सिनेमाबद्दल.

विल्यम्स मूळचा टोरांटोचा, जन्म १९३३ चा. १९५५ मध्ये लंडनला आला आणि 'द लिटल आयलंड' (१९५८) या पहिल्याच फिल्मने बाफ्टा मिळवून मोकळा झाला. मग जाहिराती, सिनेमांची टायटल्स (पिंक पँथरची सुद्धा), १९७१ च्या 'अ ख्रिसमस कॅरोल'ला ऑस्कर. धंदा झकास चालला होता. तरी या गृहस्थाला वाटे, आपल्याला अजून काही येत नाही! त्याने काय करावं? अमेरिकेतले उतारवयातले उस्ताद लंडनला बोलावले. वॉर्नरमध्ये चक जोन्सकडे काम केलेला केन हॅरिस, बेटी बूपला जन्म देणारा ग्रिम नॅटविक, डिस्नेविरुद्धच्या १९४१ च्या संपात पुढे असलेला आर्ट बॅबिट. पगार विल्यम्स देणार आणि शिकणारही विल्यम्सच. मालकाने नोकरांकडून गंडा बांधून घेतल्याचं दुसरं उदाहरण मला तरी माहीत नाही.

हे सगळं कशासाठी? तर १९६४ साली डोक्यात घेतलेल्या एका सिनेमासाठी. सुरुवात मुल्ला नसरुद्दीनच्या गोष्टींपासून झाली. इद्रिस शहांच्या नसरुद्दीनच्या पुस्तकाची चित्रं विल्यम्सनेच काढली होती. पुढे १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला शहा कुटुंबाशी बिनसलं, नसरुद्दीन हातचा गेला, आणि उरलेल्यातून नवी गोष्ट उभी राहिली : 'द थीफ अँड द कॉबलर'. एक मुका चोर, एक जवळजवळ मुका मोची आणि दुष्ट वजीर.

आता थोडं गणित. सिनेमात सेकंदाला २४ फ्रेम्स असतात. साधारणपणे एक चित्र दोन फ्रेम्सना चालवतात, म्हणजे सेकंदाला १२ चित्रं. विल्यम्सचा हट्ट २४ चा. दीड तासाला १,२९,६०० चित्रं, आणि ती फक्त एका पात्राची! जाहिरातींतून येणारा पैसा यात जिरत राहिला. एका सौदी राजपुत्राने नमुन्याचा एक प्रसंग करायला पैसे दिले. प्रसंग अफलातून झाला, पण मुदत आणि खर्च दोन्ही ओलांडून. राजपुत्राने अंग काढून घेतलं. दरम्यान केन हॅरिस गेला, बाकीचे म्हातारेही थकले.

१९८८ च्या 'रॉजर रॅबिट'ने विल्यम्सला दोन ऑस्कर दिली आणि वॉर्नर ब्रदर्सचं पाठबळही. वॉर्नरने अर्थातच अट घातली : ठरल्या वेळेत, ठरल्या पैशात सिनेमा होईल याची हमी एका कंपनीने घ्यायची. इथे माझ्यातला इंजिनिअर कपाळाला हात लावतो. कारण इतकी वर्षं झाली तरी या माणसाकडे धड स्टोरीबोर्ड नव्हता! आमच्याकडे असा प्रोजेक्ट कोणी आणला असता तर मीच पहिला नको म्हणालो असतो. तारीख उलटली, तिकडे डिस्नेचा 'अलादीन' येऊ घातला, वॉर्नरने माघार घेतली. मे १९९२ मध्ये हमीदार कंपनीने सिनेमा ताब्यात घेतला आणि विल्यम्सला बाहेर काढलं. जेमतेम १५ मिनिटांचं काम उरलं होतं.

मग स्वस्तात चित्रं करून घेतली, गाणी घुसवली. १९९५ च्या मिरामॅक्सच्या आवृत्तीत तर मुका चोर मनातल्या मनात अखंड बडबडतो. मी ती पंधरा मिनिटं पाहिली आणि बंद केली.

हमीदार कंपनी चुकली असं मला म्हणवत नाही. पण तारीख पाळण्यासाठी मीही एकदा अर्धंकच्चं सॉफ्टवेअर पुढे ढकललंय आणि त्याबद्दल शाबासकीही घेतलीये. ते आठवलं की अजून कसंतरीच होतं. विल्यम्सवर ती पाळी आली नाही, त्याच्या हातून सिनेमाच गेला.

पुढची कित्येक वर्षं तो या विषयावर अवाक्षर काढत नसे. मात्र उस्तादांकडून शिकलेलं सगळं त्याने २००१ साली 'द अ‍ॅनिमेटर्स सर्व्हायव्हल किट' या पुस्तकात ओतलं. आज अ‍ॅनिमेशन शिकणाऱ्या बहुतेक पोरांच्या टेबलावर ते असतं. २०१३ साली लॉस एंजेलिसमध्ये, हाती होती तशी अपुरी प्रत, अपुऱ्या जागी पेन्सिलीची चित्रं ठेवून, त्याने स्वतः लोकांना दाखवली.

त्यानंतर ब्रिस्टलला बसून त्याने सहा मिनिटांची 'प्रोलॉग' (२०१५) केली. सगळी चित्रं स्वतःच्या हाताने. तिला ऑस्करचं नामांकन मिळालं तेव्हा वय ८२. आणि नावाप्रमाणे ही नुसती नांदी होती बरं का, ग्रीक नाटक 'लायसिस्ट्राटा'वरच्या अख्ख्या सिनेमाची! १६ ऑगस्ट २०१९ ला तो गेला. त्या दिवशी संध्याकाळपर्यंत तो काम करत होता, असं त्याच्या मुलीने नंतर सांगितलं.