मत्स्यालयातील नव्या माशांची मरतूक

मत्स्यालयात नव्याने सोडलेले शोभिवंत मासे थोड्याच दिवसांत मरण्याचे प्रमुख कारण म्हणजे टाकीत नायट्रोजन चक्र सुरू झालेले नसणे. माशांच्या उत्सर्गातून व उरलेल्या खाद्यातून विषारी अमोनिया निर्माण होतो. त्याचे प्रथम नायट्राइटमध्ये (हेही विषारीच) व नंतर बऱ्याच अंशी निरुपद्रवी नायट्रेटमध्ये रूपांतर करणारे जीवाणू गाळणीत पुरेसे वाढण्यास साधारणतः ४ ते ६ आठवडे लागतात. नळाच्या पाण्यातील क्लोरीन कल्ल्यांना इजा करते, तर तापमान व क्षारता यांतील आकस्मिक बदल माशांना सोसत नाहीत.

वऱ्हाडात या अडचणी अधिक जाणवतात. अकोला, अमरावती व बुलढाणा जिल्ह्यांत पूर्णा नदीच्या खोऱ्यात पसरलेल्या खारपाणपट्ट्यातील भूजल खारे असल्याने विंधनविहिरीचे पाणी गोड्या पाण्यातील अनेक माशांना मानवत नाही. शिवाय उन्हाळ्यात अकोल्याचे तापमान ४५° से.च्या आसपास जाते आणि पाणी तापले की त्यातील विरघळलेला ऑक्सिजन घटून अमोनियाची विषारकता वाढते.

प्रतिबंधासाठी चालू टाकीतील गाळणीचा स्पंज वापरून जीवाणू आधी वाढवावेत, पाणी क्लोरीनमुक्त करावे, माशांची पिशवी १५ ते २० मिनिटे टाकीत तरंगत ठेवून तिच्यात टाकीतील पाणी थोडेथोडे मिसळावे आणि एका वेळी मोजकेच मासे सोडावेत. मासे आणण्यापूर्वी पाण्याची तपासणी करणे हाच सर्वांत खात्रीचा उपाय होय.