खळ्यावरील रास : सीमाभागाच्या इतिहासाचे एक साधन

बीदरचा इतिहास म्हटला की किल्ला, महमूद गावानाचा मदरसा आणि बहामनी सुलतानांच्या कबरी यांवरच आपली दृष्टी खिळते. परंतु या वास्तू ज्या धान्याच्या बळावर उभ्या राहिल्या, ते धान्य फाल्गुन-चैत्राच्या उन्हात कोण मळीत होते आणि त्यांतील किती त्याच्या घरी जात होते, हा प्रश्न क्वचितच विचारला जातो. तो विचारावयाचा झाल्यास बीदर-कलबुर्गीच्या सीमेवरील लहान शेतकऱ्याच्या खळ्याकडे वळले पाहिजे.

काळ्या जमिनीतील शाळू माघ-फाल्गुनात काढणीस येतो. पूर्वी भुई भिजवून, चोपून व शेणाने सारवून खळे करीत. मधोमध तिवडा रोवून त्याभोवती बैलांची पात फिरे आणि वारा सुटला म्हणजे उपणणी होई. कडब्याच्या गंजीवर जनावरांचा उन्हाळा निघे. मोकळ्या झालेल्या रानात भूमिहीन स्त्रिया सरवा वेचीत. आपल्या खळ्यास कानडीत 'कण' म्हणतात, पेवास 'हगेवु' म्हणतात. राशीचा शब्द मात्र दोहींकडे एकच. आणि पहिल्या मापास 'एक' न म्हणता 'लाभ' म्हणण्याची चालही दोहींकडे आढळते.

या राशीवरच गावाचा हिशोब फिटत असे. धान्य घरी जाण्यापूर्वी सरकारचा हिस्सा, वतनदारांचे हक्क आणि बलुतेदारांचे बलुते, म्हणजे कानडी गावांतील आयगारांचा 'आय', त्यातून निघे. पेरणीस उसने घेतलेले धान्य सवाईने वा दिढीने फेडावे लागे. दिढीने आणलेले चार मण खळ्यावर सहा मण होत. या व्यवस्थेचे गोडवे गाण्याचे कारण नाही. वर्षभर राबणाऱ्या महार-मांगांस वाटा मिळे, पण त्या वाट्याबरोबर जातीची पायरीही पदरात पडे. रास कोणत्या क्रमाने वाटली जाई, हे पाहिले म्हणजे गावात कोणाचा मान किती, हे वेगळे सांगावे लागत नाही.

धान्यरूपी साऱ्याची स्मृती दामाजीपंतांच्या कथेत टिकून आहे. दुष्काळात त्यांनी मंगळवेढ्याची सरकारी कोठारे लोकांस खुली केली, अशी परंपरा आहे. तीतील चमत्कार बाजूस ठेवला तरी धान्य मंगळवेढ्यास साठे आणि त्याचा जाब बीदरच्या दरबारी द्यावा लागे, ही राज्यव्यवहाराची रीत त्या कथेने जपली आहे.

पुढे हैदराबाद संस्थानात पहिले सालारजंग दिवाण असताना (1853 ते 1883) महसुलाची घडी बदलली. 1865 मध्ये जिल्हाबंदी झाली आणि धान्याच्या बटाईची जागा क्रमाने रोख साऱ्याने घेतली. बटाईत जाच होताच. सरकारी माणूस येईपर्यंत रास हलविता येत नसे. तथापि पीक बुडाले तर बटाईतील सरकारचा हिस्साही आपोआप घटे. रोख साऱ्यास ही सोय नव्हती. हप्ता भरण्यासाठी शेतकऱ्यास सुगीतच, म्हणजे भाव सर्वांत उतरलेला असताना, धान्य विकावे लागे आणि पेरणीस तेच धान्य चढ्या दराने किंवा दिढीने परत आणावे लागे. सावकारीचे मूळ शेतकऱ्याच्या उधळेपणात शोधणाऱ्यांनी हा क्रम ध्यानात घ्यावयास हवा.

1949 मध्ये जहागिरी संपल्या आणि 1950 मध्ये कुळकायदा आला. 1 नोव्हेंबर 1956 रोजी बीदर जिल्ह्याची वाटणी होऊन अहमदपूर, उदगीर, निलंगा हे तालुके मुंबई राज्यात गेले. बीदर, भालकी, हुमनाबाद, औराद म्हैसूर राज्यात राहिले. दफ्तराची भाषा निराळी झाली, तरी शाळू पिकण्याचा महिना सीमेच्या दोन्ही अंगांस तोच राहिला. पाडव्यास सालगडी ठरविण्याची रीतही राज्याची हद्द पाहून बदलली नाही.

आता मळणीयंत्र आले आहे, सोयाबीन पसरले आहे. तिवडा, पात, वावडी हे शब्द मुलांस कोशातच भेटावेत, अशी वेळ आली आहे. शब्द गेले तर त्यांच्याबरोबर राशीच्या वाटणीची साक्षही जाईल. कारण किल्ल्याचे शिलालेख आहेत, खळ्याचा एकही नाही. म्हणून आम्हां शिक्षकांस एक काम सुचवावेसे वाटते. उन्हाळी सुटीत प्रत्येक विद्यार्थ्याने आपल्या गावातील एका वृद्धास, मराठी असो वा कानडी, तीन प्रश्न विचारावेत : माप कोणते होते, पहिला वाटा कोणाचा, आणि शेवटी हाती काय उरे? सरवा वेचणाऱ्या घरांतही हे प्रश्न विचारले जावेत. ती उत्तरे शाळेच्या वहीत उतरली, तर या भागाच्या इतिहासास आजवर न लाभलेले साधन मिळेल.