तिरुवैयारूची पायवाट आणि पंगत

आमच्या मंडळातील एक कुटुंब गेल्या वर्षी इटलीला जाऊन आले. नेपल्स शहरात एका वाटाड्याने त्यांना सकाळपासून दुपारपर्यंत गल्लीबोळांतून पायी हिंडवले, ठिकठिकाणी काही ना काही खाऊ घातले आणि त्या निमित्ताने ग्रीक, स्पॅनिश, फ्रेंच अशा त्या शहराच्या एकेका धन्याचा इतिहास सांगितला. हा वृत्तान्त त्यांनी कोजागिरीच्या कार्यक्रमात निवेदन केला, तेव्हा श्रोत्यांतून कोणीसे म्हणाले, ‘मराठी माणूस धनी म्हणून गेला आणि मागे आपली चव ठेवून आला, असे गाव कोणते?’ तंजावरचे नाव अर्थातच निघाले. सुवर्णमहोत्सवी वर्षाची सहल तेथे न्यायची, परंतु किल्ला, सरस्वती महाल आणि बृहदीश्वर पहिल्या दिवशी पाहून दुसरा अख्खा दिवस तिरुवैयारूसाठी राखायचा, असे त्याच रात्री ठरले. तंजावर सोडून त्या लहानशा गावी एवढा वेळ कशासाठी, असे अनेकांनी विचारले. प्रस्तुत लेख हे त्याचे उत्तर समजावे.

आम्हांला लाभलेले वाटाडे हे तंजावरचे एक वृद्ध निवृत्त शिक्षक. घरी मराठी, बाहेर तमिळ, अशा रायर घराण्यातले. पहिल्या अर्ध्या तासातच सगळे त्यांना काका म्हणू लागले. तंजावरहून तिरुवैयारु अवघे बारा-तेरा किलोमीटर. पण तेवढ्या अंतरात रस्ता पाच पाणी ओलांडतो. वडवारु, वेण्णारु, वेट्टारु, कुडमुरुट्टी आणि शेवटी कावेरी. ‘ऐ’ म्हणजे पाच आणि ‘आरु’ म्हणजे नदी. गावाच्या नावाची फोड ती हीच. प्रत्येक पुलावर काका बस थांबवीत आणि मुलांकडून नदीचे नाव म्हणवून घेत. पावसाळ्याचे दिवस होते, मेट्टूर धरणाचे पाणी कालव्यांतून सुटलेले होते आणि दोन्ही अंगांना भाताची रोपे हिरवीगार लवत होती. देशावरून आलेल्या स्वारांना हा मुलूख पहिल्यांदा दिसला तेव्हा त्यांना काय वाटले असेल, हा विचार आमच्या मनात आल्यावाचून राहिला नाही. ज्वारी-बाजरीचा माणूस तो. त्याने एवढे पाणी एका ठिकाणी क्वचितच पाहिले असेल.

पायपिटीला सुरुवात पंचनदीश्वराच्या देवळापासून झाली. तमिळ भाविक त्याला ऐयारप्पर म्हणतात, देवी धर्मसंवर्धिनी. देऊळ चोळांच्याही आधीपासून गाइले गेलेले. आवारातील उत्तर कैलास हे मंदिर राजराज चोळाच्या राणीने, लोकमहादेवीने उभारले. तेथील कोरीव कामाविषयी लिहिण्यासारखे पुष्कळ आहे, परंतु आमचा विषय वेगळा, म्हणून ते सोडतो. काकांनी देवळात आम्हांला जे सांगितले ते उत्सवाविषयी. चैत्र-वैशाखाच्या सुमारास येथून देवाची पालखी निघते आणि आसपासच्या सहा गावांना भेट देऊन परत येते. तिरुवैयारु धरून ही सात गावे. म्हणून हा सप्तस्थान उत्सव. कथा अशी की नंदीचे लग्न ठरले आणि पंचनदीश्वराने यजमानपण पत्करले. मग तिरुप्पळनम् गावाने फळे दिली, तिरुच्चोट्रुत्तुरै गावाने भात, तिल्लैस्थानम् म्हणजे तिरुनेय्त्तानम् येथून तूप आले, तिरुप्पून्तुरुत्तीहून फुले, तिरुक्कंडियूरहून दागिने, आणि तिरुवेदिकुडीहून वेदपाठी ब्राह्मण. तमिळमध्ये पळम् म्हणजे फळ, सोरु म्हणजे भात, नेय् म्हणजे तूप. गावांची नावेच लग्नाची यादी वाचून दाखवितात! त्या मदतीचे आभार मानण्यासाठी देव दरवर्षी दारोदार जातो. नेपल्सला जाऊन आलेले आमचे स्नेही हे ऐकून हसले आणि म्हणाले, ‘म्हणजे पायी हिंडून खाण्यापिण्याचा इतिहास सांगण्याची पद्धत येथे फारच जुनी आहे.’

नंदीचे लग्न लागले ते तिरुमळपाडीला. हे गाव तिरुवैयारूपासून फार दूर नाही. कावेरीच्या पलीकडे कोळ्ळिडम् नदी वाहते, तिच्या उत्तर तीरावर ते आहे. बखरींच्या वाचकांना ‘तिरुमलवाडी’ हे नाव आठवेल. दक्षिण दिग्विजयात १६७७ साली शिवछत्रपतींची छावणी येथेच पडली होती आणि येथेच सावत्र बंधू व्यंकोजीराजे त्यांच्या भेटीस आले. व्यंकोजीराजांनी एक-दोन वर्षांपूर्वीच तंजावर हस्तगत केले होते. वडिलांच्या दौलतीतील अर्धा वाटा थोरल्याने मागितला, धाकट्याने तो दिला नाही, आणि काही दिवसांच्या पाहुणचारानंतर धाकटे बंधू रात्रीच्या रात्री नदी उतरून तंजावरला निघून गेले. पुराणातल्या लग्नाच्या गावी इतिहासातले भाऊ वाट्यावरून दुरावले, हा केवळ योगायोग. पण काकांनी तो सांगितला तेव्हा आमच्यातील दोघे सख्खे भाऊ एकमेकांकडे न पाहता कावेरीकडे पाहू लागले, हे आमच्या नजरेतून सुटले नाही.

या प्रकरणाचा शेवट गोड झाला तो व्यंकोजीराजांच्या राणी दीपाबाई यांच्यामुळे, असे परंपरा सांगते. तह झाला तेव्हा बंगळूर, होसकोट आणि शिरे हा मुलूख महाराजांनी दीपाबाईंना चोळीबांगडीसाठी दिला. याच दीपाबाईंचा आश्रय रघुनाथ गणेश नवहस्त या पंडिताला लाभला. समर्थ रामदासांचा हा स्नेही. त्याचा ‘भोजनकुतूहल’ हा संस्कृत ग्रंथ धान्ये, भाज्या, पक्वान्ने आणि त्यांचे गुणदोष यांचा मोठा संग्रह आहे. पुढे सरफोजीराजांच्या काळात मराठीत तयार झालेले ‘शरभेंद्र पाकशास्त्र’ही सरस्वती महालाने जतन करून प्रसिद्ध केले आहे. लढाया आणि तह यांचे कागद जपणारी घराणी पुष्कळ. स्वयंपाकघराचे कागद जपणारी थोडी.

देवळातून घाटाकडे जाताना एका लहान दुकानात आम्ही ‘अशोका’ खाल्ला. मूगडाळ शिजवून, घोटून, थोड्या कणकेबरोबर साखर आणि सढळ तुपात परतलेला हा केशरी हलवा तिरुवैयारूची ओळख आहे. पानाच्या तुकड्यावर तो गरम वाढतात, आणि त्यावर पितळी डबऱ्यातून फेसाळलेली कापी. आमच्यातील एका काकूंनी पहिल्याच घासाला जाहीर केले की हा आपला मूगडाळीचा शिरा. काका शांतपणे म्हणाले, ‘ताई, सकाळपासून तुम्ही चार गोष्टी आपल्या म्हणून घेतल्यात. आता आम्ही यांच्याकडून काय घेतले त्याचाही हिशेब मांडा. आमची भाकरी सुटली, आमसूल सुटले. भात, चिंच, नारळ आणि ही कापी, हे सारे यांचे आहे.’ काकूंनी मोकळ्या मनाने हार मानली आणि दुसरा पानतुकडा मागविला.

कावेरीच्या काठी पुष्यमंडप घाट आहे. तो मराठेकालीन म्हणून ओळखला जातो. रुंद पायऱ्या, वर मंडप आणि समोर संथ पाणी. आपल्या वाईची किंवा नाशिकची आठवण यावी असे ते दृश्य. त्याच काठाने पुढे गेले की संत त्यागराजांची समाधी लागते. १७६७ मध्ये तिरुवारूरला जन्मलेले त्यागराज जन्मभर राहिले ते तिरुवैयारूला, आणि ६ जानेवारी १८४७ रोजी येथेच समाधिस्थ झाले. सरफोजीराजांनी त्यांना दरबारी बोलाविले आणि त्यांनी नकार दिला, ही कथा सर्वश्रुत आहे. त्या प्रसंगाशी कल्याणी रागातली त्यांची एक कृती जोडली जाते. मराठी मनाला ही कथा ऐकताना किंचित अवघडते, कारण नकार ज्याला मिळाला तो राजा आपला. पण ज्या जीवनासाठी त्यांनी नकार दिला तेही आपल्या ओळखीचे होते. ते रोज रामनाम गात गल्लीतून फिरत आणि घरोघरच्या मूठभर तांदळावर संसार चालवीत. शास्त्रात याला उंछवृत्ती म्हणतात; आपल्या आजीच्या भाषेत कोरान्न. आजही आराधनेच्या दिवशी गायक मंडळी त्यांच्या घरापासून समाधीपर्यंत तशीच गात जातात.

समाधीवरील मंदिर उभे राहिले ते बेंगळूर नागरत्नम्मा या देवदासी गायिकेच्या पैशाने. १९२५ मध्ये त्याची प्रतिष्ठा झाली. ज्या बाईने मंदिर बांधले तिला आराधनेत गाण्याची मात्र परवानगी नव्हती. तेव्हा तिने स्त्रियांचा वेगळा उत्सव सुरू केला आणि १९४० साली सर्व गट एक होईपर्यंत तो चालविला. १९५२ मध्ये तिचे निधन झाले. तिची समाधी त्यागराजांच्या समाधीसमोर आहे. आमच्या महिला विभागाच्या भगिनी तेथे बराच वेळ बसल्या होत्या. त्या काय बोलल्या ते त्यांनी आम्हांला सांगितले नाही.

गाण्याच्या बाबतीत मराठ्यांनी या भागाला काय दिले, हे समाधीच्या सावलीत बसूनच आम्ही ऐकले. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात रामचंद्र मोरगावकरबुवा तंजावरला आले आणि त्यांच्या मराठी कीर्तनाने रसिकांना वेड लावले. तंजावर कृष्ण भागवतर यांनी त्या कीर्तनाची बांधणी उचलून तमिळ हरिकथा नव्याने घडविली. त्या हरिकथेत साकी, दिंडी, ओवी आणि अभंग ही नावे राहिली आहेत. तमिळ भजनी मंडळांत अभंग आजही गातात. गाणाऱ्यांपैकी अनेकांना मराठी येत नाही.

जेवणाकडे वळण्यापूर्वी एका जुन्या अन्नदानाचा उल्लेख केला पाहिजे. त्याची जागा तिरुवैयारूला नाही, तंजावरहून दक्षिणेस रामेश्वराकडे जाणाऱ्या वाटेवर आहे. १७९९ च्या तहाने सरफोजीराजांनी राज्यकारभार इंग्रजांना दिला. किल्ला आणि महसुलाचा काही वाटा एवढेच हाती राहिले. पण यात्रेकरूंसाठी पूर्वजांनी बांधलेली अन्नछत्रे आपल्याकडेच राहावीत यासाठी त्यांनी आग्रह धरला. १८०१ साली इंग्रज रेसिडेंटला लिहिलेल्या पत्रात त्यांनी या छत्रांची रीत सविस्तर सांगितली आहे. ब्राह्मणापासून अंत्यजापर्यंत जो वाटसरू येईल त्याला अन्न. जो शिजविलेले घेणार नाही त्याला शिधा. तान्ह्यांना दूध, आजाऱ्याला औषध, बाळंतिणीची व्यवस्था. दुसऱ्याच वर्षी ओरत्तनाडू येथे त्यांनी मुक्तांबा छत्रम् उभारले. फौज नाही, न्यायनिवाडा नाही, अशा राजाला राजेपण सिद्ध करण्यास काय उरते? सरफोजीराजांनी ग्रंथालय आणि मुदपाकखाना हे दोन मार्ग निवडले, असे आम्हांला वाटते. १८५५ मध्ये त्यांचे पुत्र शिवाजीराजे वारले आणि पुरुष वारस नाही या सबबीवर कंपनीने ते नाममात्र राज्यही संपविले.

दुपारी काकांच्या एका आप्ताच्या घरी केळीची पाने मांडली गेली. त्या पानावरचा इतिहास आम्ही जितक्या आवडीने वाचला तितका कोणताही शिलालेख वाचला नव्हता. ‘कोसुमल्ली’ आली, ती आपल्या कोशिंबिरीची बहीण, भिजवलेल्या मूगडाळीची. ‘डांगर पच्चडी’ आली. उडदाचे भाजलेले पीठ दह्यात कालवून फोडणी दिलेले, नावासकट आपले डांगर. ‘रसवांगी’ आली, डाळ-खोबऱ्याच्या रसात वांगी. ‘पिट्लै’ आले. नाव पिठल्याचेच मानतात, पण पिठाचा मागमूस नाही. कारली, डाळ, चिंच आणि खोबरे. शेवटी पुरणाची ‘पोळी’. तिला तमिळ घरांतही ‘पोळी’च म्हणतात.

आणि अर्थात सांबार. संभाजीराजे तंजावरला पाहुणे आले, आमटीत घालायला आमसूल नव्हते, शाहराजांनी चिंच घातली आणि पाहुण्याच्या नावाने पदार्थ प्रसिद्ध झाला, ही कथा आमच्यापैकी प्रत्येकाने कोठे ना कोठे वाचलेली होती. काकांना ती मान्य नव्हती. शाहराजे गादीवर आले १६८४ मध्ये आणि १६८९ मध्ये संभाजीराजांचा अंत झाला. मधली पाच वर्षे औरंगजेबाशी झुंजण्यात गेली. या भेटीचा समकालीन पुरावा नाही. शिवाय मसाल्याच्या अर्थी ‘सांबार’ हा शब्द मराठीला नवा नव्हता. विदर्भात तर आजही कोथिंबिरीला सांबार म्हणतात. कथा खोटी ठरल्याचे काही जणांना वाईट वाटले. आम्हांला तसे वाटले नाही. एका राजाच्या नावापेक्षा शेकडो अनाम स्वयंपाकिणींनी हळूहळू आमसुलाची चिंच केली असेल, हे अधिक संभवनीय आणि अधिक सुंदर आहे. आपल्या परगावच्या स्वयंपाकघरांत आपण तरी दुसरे काय करतो?

काकांच्या मराठीविषयी लिहिणे राहिले. त्यांची वाक्ये आम्ही येथे आपल्या वळणाने लिहिली आहेत. प्रत्यक्षात त्यांच्या बोलण्याचा हेल तमिळ आहे आणि काही रूपे आपण फक्त जुन्या पोथ्यांतून पाहतो तशी आहेत. आमच्या मुलांना सुरुवातीला हसू आले. दुपारपर्यंत त्यांच्या ध्यानी आले की हे काका ज्या घरातले, त्या घराने साडेतीनशे वर्षे मराठी बोलणे चालू ठेवले, आणि आपल्यापैकी कित्येक जण तिसऱ्या पिढीतच आईला इंग्रजीत उत्तर देतात. तथापि काकांनी स्वतःच्या घराचीही बढाई मारली नाही. नातू समजतो, पण बोलत नाही, असे ते म्हणाले. सूनबाई मराठी बोलतात, पण लिहितात तमिळ लिपीत. देवनागरी वाचणारे घरात आता ते एकटेच.

निरोप घेताना आम्ही हा अंक पाठविण्याचे कबूल केले. काका म्हणाले, ‘अंक अवश्य पाठवा, पण मी वाचीन आणि कपाटात ठेवीन. त्यापेक्षा कोणी तरी मोठ्याने वाचून आवाज धाडा; सूनबाई स्वयंपाक करता करता ऐकतील, नातवाच्याही कानावर पडेल.’ मंडळातील दोन मुलींनी ते काम अंगावर घेतले आहे. पहिला लेख वाचून झाला, तेव्हा तिकडून उत्तर आले की जरा सावकाश वाचा, आणि डांगराला फोडणी कशाची देता ते कळवा.